चढून पाहिलेली शिडी

माझा मामा शिड्या बनवतो. हे सांगितलं की लोक पुन्हा एकदा विचारतात, कारण शिडी कोणी बनवत असेल हे त्यांच्या डोक्यात कधी आलेलंच नसतं. त्यांच्या लेखी शिडी ही शेजाऱ्यांकडे असते. माळ्यावरचं काही काढायचं झालं की ती आणायची आणि मग महिनाभर परत द्यायची नाही. असल्या शेजाऱ्यांमुळेच जगात शिड्या कमी खपतात, असं मामीचं ठाम मत आहे.

मामाच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक शिडीवर एक पिवळं लेबल असतं. 'मालकाने स्वतः चढून पाहिलेली. मालकाचे वजन ९२ किलो.' मजकूर मामीचा. छापखानेवाल्याला ती थट्टा वाटली आणि त्यानं दुसरी ओळ गाळून लेबलं छापली, तेव्हा मामीनं अख्खा गठ्ठा त्याला परत नेऊन दिला. थट्टा अजिबात नव्हती. पंचवीस वर्षांत मामा चढला नाही अशी एकही शिडी दाराबाहेर पडलेली नव्हती.

आणि मामाचं चढणं म्हणजे काय, ते बघायला पाहिजे. जाड तळव्याचे बूट घालायचे, कमरेला हत्यारांचा पट्टा बांधायचा आणि थेट वरून दुसऱ्या पायरीवर जायचं. तिथे उभं राहून उजवा हात असा लांबवायचा की जणू छताचा कोपरा रंगवायचा राहिलाय. एक पाय जवळजवळ उचलला जाईपर्यंत. मग तसंच डावीकडे. मग कंटाळलेल्या माणसासारखं या पायावरून त्या पायावर व्हायचं, पाठ खाजवायची आणि हजर नसलेल्या एका घरमालकिणीला रंगाची छटा तिसऱ्यांदा बदलल्याबद्दल चार शब्द सुनवायचे. शेवटी खाली न बघता उतरायचं. पाच तास रंग मारून दमलेला माणूस कुठे खाली बघून उतरतो, असं त्याचं म्हणणं. एका शिडीला दहा मिनिटं. माल वेळेवर पोचवण्याची जबाबदारी माझी असल्यामुळे ती दहा मिनिटं मी दातओठ खात घड्याळाकडे बघत काढायची.

मामा मुळात रंगारी. चाळिशीपर्यंत त्यानं लोकांच्या भिंती रंगवल्या. मग एका मोठ्या कामावर कंत्राटदारानं दिलेल्या शिडीची पायरी तुटली आणि मामा खाली आला. कंबरेचं हाड मोडलं, चार महिने अंथरुणात. कंत्राटदार भेटायला आला, शिडी कालच तपासली होती म्हणाला. मामानं विचारलं, कोण चढलं होतं? कोणीच चढलं नव्हतं. त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येक रंगाऱ्याला मामा स्वतःच्या तब्येतीचं काही सांगायचा नाही, उलट त्यालाच विचारायचा की शिडीवर तुझा पाय कुठे भरून येतो, घसरतो कुठे, आणि रंगाचा डबा तू कुठे टांगतोस. लोकांना वाटलं, डोक्यालाही मार लागलाय.

उठून चालायला लागल्यावर त्यानं पहिली शिडी इमारतीच्या बोळकांडीत बनवली. घरात ती मावत नव्हती. एक टोक आपल्या दारात आणि दुसरं शेजारणीच्या. दोन आठवडे ती बाई भाजीची पिशवी घेऊन पायऱ्यांवरून उड्या मारत घरात जायची आणि रोज तोंडाचा पट्टा सोडायची. तिसऱ्या आठवड्यात तिनंच विचारलं की मला एक करून द्याल का. मामाचं पहिलं गिऱ्हाईक ती.

धंदा वाढवायचा तर भांडवल लागतं, आणि मामाला ते कोणाकडूनही नको होतं. कर्ज नको, भागीदार नको, आगाऊ पैसेसुद्धा नकोत. दुसऱ्याच्या पैशाला घाई असते, असं तो म्हणतो, आणि घाईत केलेल्या शिडीपायी आपण चार महिने अंथरुणात काढलेत. त्यामुळे कारखान्यात आलेलं प्रत्येक यंत्र हे घरातून काहीतरी गेल्यावर आलं. भोकं पाडायचं यंत्र आलं तेव्हा फ्रीज विकला होता, म्हणून त्या यंत्राचं नाव 'फ्रीज'. कापायचं यंत्र आलं त्या वर्षी मामा-मामी लग्नानंतर पहिल्यांदा समुद्र बघायला जाणार होते, ते गेले नाहीत, म्हणून ते यंत्र 'सहल'. आणि पत्रा वाकवायचं यंत्र म्हणजे 'दात', कारण मामाच्या खालच्या चार दातांसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. मामा अजून त्या बाजूनं चावत नाही. एका नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगितलं की फ्रीज बंद कर, सहलीवर जा आणि येताना दाताला तेल घाल. तो जेवायच्या सुट्टीत घरी गेला तो दुसऱ्या दिवशी समजूत काढून परत आणावा लागला.

पहिल्या वर्षी सात शिड्या खपल्या. दहाव्या वर्षी आठवड्याला दोन. मग टायरच्या दुकानामागची पत्र्याची शेड भाड्यानं घेतली, लाकडाच्या जागी ॲल्युमिनियम आलं, पाच कामगार आले, आणि मी आले.

मी तीन आठवड्यांसाठी आले होते, त्याला सात वर्षं झाली. त्याआधी मी एका ऑफिसात होते आणि तिथल्या साहेबाला एकदा तोंडावर खरं सांगून बसले. माझी जीभ आणि नोकरी एका घरात नांदत नाहीत. मामाला मूलबाळ नाही, मला वडील नाहीत, तेव्हा तो मला काही बोलला नाही. एक टेबल दिलं, एक खुर्ची दिली आणि दोन वर्षांनी पंखा दिला. मी फोटो काढले, किमतीचं पत्रक छापलं, शाळा, वाचनालयं, दवाखाने यांना फोन केले. आठवड्याला तेरा शिड्या जायला लागल्या. त्याहून जास्त जाऊ शकत होत्या, पण मोडलेल्या कमरेमुळे मामा दिवसाला दोन-तीनच चढायचा आणि बाकीच्या भिंतीला टेकून उभ्या असायच्या. वजन टाकून तपासायचं यंत्र घेऊया, यावरून आमचं वर्षातून दोनदा कडाक्याचं भांडण व्हायचं. शेवट ठरलेला. "वजन पडत नाही गं," मामा म्हणायचा. "माणूस पडतो." मग मी दार आपटून चहा प्यायला बाहेर जायची.

गेल्या वर्षी मामा वाळायला लागला. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. विजार सैल झाली तर म्हणाला, कापडच ताणलं गेलंय. मामी पट्ट्याला तापलेल्या खिळ्यानं भोक पाडून द्यायची. मग दुसरं. चौथ्या भोकानंतर तिनं पट्टा त्याच्या हातात न देता त्याचा हातच धरला आणि डॉक्टरकडे नेलं. रक्तात साखर निघाली, बरीच. डॉक्टरनं औषधं दिली, काय खायचं काय नाही ते अर्धा तास समजावलं. मामानं त्यातलं काहीही ऐकलं नाही. त्याला वजनकाट्यावर उभं केलं होतं आणि त्यानं काट्यावरचा आकडा बघितला होता.

दुपारी तो थेट कारखान्यात आला. मी फोनवर होते. त्यानं फोन माझ्या हातातून काढून घेतला, जे त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"मी अडुसष्ट किलो आहे," तो म्हणाला. "लेबलावर ब्याण्णव लिहिलंय. आपण लोकांशी खोटं बोलतोय."

मला आधी हसू आलं. मग त्याचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं. कधीपासून खोटं बोलतोय हे शोधायचं ठरलं, आणि ते शोधलं मामीनं, पट्ट्यावरून. पहिलं भोक पाडलं त्या दिवशी घरात प्लंबर आला होता, दुसरं माझ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिसरं टायरवाल्यानं नवी पाटी लावली तेव्हा. प्लंबरचं बिल सापडलं, तारीख कळली. प्रत्येक शिडीवर नंबर ठोकलेला असतो आणि कोणता नंबर कोणाकडे गेला याची वही असते. त्या तारखेनंतर तीनशे बारा शिड्या गेल्या होत्या.

आमचा माल दीडशे किलोला मोडत नाही, हे मला माहीत होतं, मामाला माहीत होतं, पाचही कामगारांना माहीत होतं. मी ते ओरडून सांगितलं. लेबल बदलू, अडुसष्ट लिहू, असंही मी म्हणाले. मामा म्हणाला, "घेणारा नव्वदचा निघाला तर त्याला काय सांगू? आधी जेवण कमी कर?" आणि त्यानं फ्रीज, सहल आणि दात तिन्ही बंद केले. जोपर्यंत खरं लेबल लावता येत नाही तोपर्यंत एकही शिडी बाहेर जाणार नाही, आणि गेलेल्या तीनशे बारा परत मागवायच्या.

ते फोन मला करावे लागले. आपली शिडी चांगली आहे, पण आमचा मालक बारीक झालाय, म्हणून कृपया ती परत द्या, हे एखाद्याला समजावून बघा म्हणजे कळेल. वाचनालयाच्या बाईंनी तीनदा विचारलं की मी नक्की कुठून बोलतेय. एका रंगाऱ्यानं साफ नकार दिला. तो स्वतः शंभर किलोचा, रोज चढतो, शिडी परत न्यायला आलात तर वरून उतरणारच नाही म्हणाला. तरी शिड्या यायला लागल्या. शेड भरली, मग अंगण भरलं, मग टायरवाल्याच्या भिंतीपर्यंत रांग गेली. गल्लीतली मांजरं पायऱ्यांवर बसून ऊन खायला लागली.

चढणार कोण, हा खरा प्रश्न होता. कामगारांतला सगळ्यात उंच, ज्याला सगळे लांब्या म्हणतात, तो एक्काहत्तर किलोचा निघाला. त्याच्या पाठीला वाळूचं पोतं बांधून चढवलं. तो वर गेला, देवळातल्या मूर्तीसारखा ताठ उभा राहिला आणि खाली आला. मामानं मान हलवली. पोतं घेतलेला माणूस पोत्याला सांभाळतो, शिडीकडे त्याचं लक्षच नसतं. मी म्हटलं, एखादा जाडजूड माणूस पगारावर ठेवू. तेही नको. पगारी माणूस मालकाला आवडेल तेच सांगणार. लेबलावर मालक लिहिलंय ते उगाच नाही.

अशा वेळी सोळावाले आले. शहरात त्यांची घरसामानाची सोळा दुकानं आहेत म्हणून सगळे त्यांना सोळावाले म्हणतात, आणि त्यांनाही ते आवडतं. माणूस वाईट नाही. दोन वर्षं ते मामाच्या मागे लागले होते की निम्मा हिस्सा द्या, मी पैसा घालतो, तपासायची यंत्रं बसवू, आठवड्याला दोनशे शिड्या काढू. मामा दर वेळी त्यांना चहा पाजून परत पाठवायचा. आता त्यांनी अंगणातली रांग बघितली, बंद यंत्रं बघितली आणि कागदच पुढे केला. शनिवारी सही करा, सोमवारपासून कामगारांचे पगार माझ्याकडे.

मामानं कागद ठेवून घेतला. ते मला लागलं. मी स्वतः सात वर्षं त्याच्या कानीकपाळी ओरडत होते की यंत्र घे, माणसं वाढव, आणि आता तो घेणार म्हटल्यावर मलाच ते नको झालं. पगाराची तरतूद महिनाभराची होती, कर्ज कोणी दिलं असतं तरी त्यानं घेतलं नसतं, आणि पाच घरं उपाशी ठेवणाऱ्यातला तो नव्हता. सही केली की लेबल जाणार, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं.

तेव्हा मामी घरचा वजनकाटा पिशवीत घालून कारखान्यात आली. तिनं सगळ्यांना एकेक करून पुन्हा उभं केलं, टायरवाल्यालासुद्धा, आणि मग ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. "तू राहिलीस," म्हणाली.

मी आमच्या घराण्यात अंगापिंडानं भरलेली, हे सभ्य भाषेत झालं. असभ्य भाषेत काय म्हणतात ते मी लहानपणापासून सगळ्या लग्नांत ऐकत आले आहे. अठ्ठ्याऐंशी किलो. मामानं स्वतःचे बूट माझ्या पायात घालायला लावले, हत्यारांचा पट्टा बांधला. काटा ब्याण्णववर थांबला; लेबलावरचं ब्याण्णवही असंच बूट-पट्ट्यासकटचं होतं. लांब्यानं टाळी वाजवली. मामी माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघत होती की माझं वजन आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलंसं वाटलं.

मी बूट काढले आणि नाही म्हणाले.

कारण विचारल्यावर सांगावं लागलं. मला उंचीची भीती वाटते. नुसती नाही, दुसऱ्या पायरीवर गेलं की तळपायाला घाम येतो आणि कानांत वाऱ्यासारखा आवाज घुमतो. सात वर्षं मी शिड्या विकत होते, त्यांची उंची, पायरीची रुंदी, सगळं मला तोंडपाठ, आणि मी एकाही शिडीवर चढले नव्हते. ऑफिसातला बल्ब गेला तरी मी लांब्याला हाक मारायची. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण शिड्यांच्या कारखान्यात कोणी शिडीवर चढत नसेल अशी शंका कोणाला येणार?

मला वाटलं, सगळे हसतील. मामा हसला नाही. त्यानं बाकीच्यांना चहाला पाठवलं आणि माझ्यासमोर उलट्या बादलीवर बसला.

"मलापण वाटते," तो म्हणाला.

मला वाटलं, माझी समजूत काढतोय. पण तो सांगत गेला. पडल्यापासून वाटते. पंचवीस वर्षांत प्रत्येक शिडीवर, प्रत्येक वेळी, तिसऱ्या पायरीपासून त्याचं काळीज हलतं. घरमालकिणीला शिव्या देतो ते त्यासाठीच, आवाज काढला की जरा बरं वाटतं. मामीला माहीत आहे, दुसऱ्या कोणाला नाही.

"म्हणून तर मी चढतो," तो म्हणाला. "ज्याला भीती वाटत नाही त्याला शिडी हललेली कळतच नाही. लांब्या वर जाऊन झोपा काढेल. तुला कळेल."

मग त्यानं आपली अट सांगितली. शनिवारपर्यंत तू वर जा, आणि शिडी कशी आहे ते मला सांग. सांगितलंस तर आपण आपलंच चालवू, असेल तेवढ्यात. नाही जमलं तर मी सही करतो आणि तुला एका शब्दानं बोलणार नाही. एवढं बोलून तो उठला आणि बादली जागच्या जागी ठेवायला गेला.

मला राग आला, त्याच्यापेक्षा जास्त स्वतःचा. सात वर्षं मी त्याचं चढणं घड्याळ लावून मोजलं होतं. मला वाटायचं, त्याला त्यात मजा येते.

सोमवार होता. माझ्यासाठी मामानं एक नवा घोडा करायला घेतला. दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या शिडीला रंगारी घोडा म्हणतात. यंत्रं बंद ठेवलेली, म्हणून त्यानं तो हातानं केला, रिव्हेट एकेक करून स्वतः ठोकले, दोन दिवस लागले. कामगार म्हणाले, एवढी देखणी शिडी या शेडमध्ये आजवर झाली नाही. बुधवारी मी दुसऱ्या पायरीवर गेले आणि लगेच उतरले. गुरुवारी चौथीवर गेले आणि तिथे अडकले. खाली येता येईना, वर जाता येईना. मामा खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता आणि मला किमतीच्या पत्रकाबद्दल काहीबाही विचारत होता. मी रडत रडत त्याला उत्तरं देत होते. शुक्रवारी सहावी. तिथून मी मामाला, शिडीला आणि ज्यानं शिडी शोधून काढली त्या अज्ञात माणसाला इतकं बोलले की टायरवाला बघायला आला. मामा खूश झाला. आवाज निघतोय म्हणाला, आता जमेल.

शनिवारी सकाळी सोळावाले वेळेच्या आधी आले. कागद माझ्या टेबलावर, त्यावर त्यांचं पेन. त्यांना सगळी हकीकत कोणीतरी सांगितली होती, आणि ते खुर्ची ओढून बघायला बसले. मामी दाराशी. कामगार यंत्रांना टेकून. मामानं मला पट्टा बांधला आणि बक्कल दोनदा ओढून बघितलं. त्याचे हात गार होते.

मी चढले. कशी, ते विचारू नका. सातवी पायरी, आठवी. वरून दुसरी. छताच्या पत्र्यावरचा गंज मला पहिल्यांदा इतक्या जवळून दिसला. घरमालकीण आठवली नाही, म्हणून मी माझ्या जुन्या ऑफिसातल्या साहेबाला शिव्या दिल्या. उजवा हात लांबवला. मग डावा.

डावीकडे झुकल्यावर मला काहीतरी जाणवलं. शिडी हलली असं नाही म्हणता येणार. पण माझं वजन जिथे पोचायला हवं होतं तिथे ते जरा उशिरा पोचलं. मी परत सरळ झाले, परत झुकले. परत तेच.

खाली सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मामाची मान वर, दोन्ही हात दांड्यांना. छान आहे, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द, की कागद परत गेला असता, मी खाली आले असते आणि मामी घरी जाऊन झोपली असती. त्यानं दोन दिवस खपून हातानं केलेली शिडी, माझ्यासाठी केलेली. आणि मला खरंच काही जाणवलं होतं, की भीतीनं माझंच अंग हललं होतं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं.

"मामा," मी म्हटलं, "ही बरोबर नाही. डावीकडचा मागचा पाय."

सोळावाले हसले, वाईट हेतूनं नाही. ते म्हणाले, अहो, मुलगी पानासारखी कापतेय, तिला शेडसुद्धा हलताना दिसत असेल. शिडी उत्तम आहे, माझ्या आयुष्यात मी अशी बघितली नाही. तुम्ही स्वतः केलीय ना?

"मीच केलीय," मामा म्हणाला.

तो खाली वाकला. डाव्या मागच्या पायावर, जिथे त्यानं बुधवारी सकाळी शेवटचा रिव्हेट ठोकला होता, तिथे त्यानं तळहात ठेवून दाबून बघितलं. त्याच्या हाताला काही कळलं असेल असं मला वाटत नाही. ती हातानं कळण्यातली गोष्ट नव्हती. मग तो गुडघ्यावर हात देऊन उठला. त्याचे डोळे भरले होते आणि ते तो लपवत नव्हता.

"लांब्या," तो म्हणाला, "ही आज जायची नाही. उघडून बघायची."

सोळावाल्यांना हे काही समजेना. त्यांनी कागद उचलला, घड्याळ बघितलं आणि मामाला विचारलं की मग आपलं काय ठरलं, सही करताय की नाही, एकदा तुमच्या तोंडून कळू द्या.

मामानं स्वतःच्या विजारीच्या पट्ट्याचं चौथ्या भोकातलं बक्कल सारखं केलं. मग त्यानं शिडीवर हात ठेवून माझ्याकडे बोट केलं.

"मला काय विचारता," तो म्हणाला. "मालक वर आहेत. उतरल्या की त्यांनाच विचारा."

सोळावाले मान वर करून माझ्याकडे बघायला लागले, मामी पदरानं डोळे पुसायला लागली, आणि मला इतकं भरून आलं होतं की उतरताना पहिला पाय कोणता ठेवायचा तेच आठवेना.